नामा तांडेलचं नॉर्मल रक्त

नामा तांडेलला कोळीवाड्यात एक पदवी होती आणि ती त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अगदी काठावर त्याचं घर. महिन्यातल्या एका गुरुवारी तो अंघोळ करून, लग्नातली टेरिकॉटची पँट चढवून बाहेर पडायचा. ओट्यावर जाळं सांधत बसलेलं कुणी ना कुणी विचारायचंच, "काय नामा, पँट घालून कुठं?"

"ठान्याला," नामा म्हणायचा. "मी तिथं नॉर्मल हाय ना."

हे तो अशा थाटात सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ठाण्याचा कलेक्टर रजेवर गेला म्हणून याला बोलावलंय.

गुरुवारच का, तर गुरुवारी निम्मी डोंबिवली मासे खात नाही. नामाची बायको मंजुळा बाजारात मासळीची पाटी लावायची, ती त्या दिवशी घरी असायची आणि होडीलाही सुट्टी. ठाण्यालाच का, तर तिथे एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत त्याचा धाकटा भाऊ मोरू संशोधन करायचा. मोरू म्हणजे डॉक्टर मोरेश्वर तांडेल. गोळ्या-इंजेक्शनवाला डॉक्टर नव्हे, पीएचडीवाला. कोळीवाड्याने हा फरक कधी मनावर घेतला नाही आणि मोरूनेही तो समजावून सांगायची फारशी घाई केली नाही. वडील लवकर गेले तेव्हा मोरू सहावीत होता. त्याला नामानेच वाढवला.

मोरूचं काम असं. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत एक ठरावीक जनुक किती जोरात चालतं, ते मोजायचं. पण जोरात म्हणजे कशाच्या मानाने? त्यासाठी दुसरं एक असं जनुक लागतं, जे कुणाच्याही पेशीत, कुठल्याही दिवशी सारखंच चालतं. त्याच्याशी ताडून बाकीचं ठरवायचं. त्या काळी, म्हणजे चौऱ्याण्णवच्या सुमाराला, यासाठी बहुतेक सगळे अ‍ॅक्टिन नावाचं जनुक धरायचे. शिवाय लागतो एक धडधाकट माणूस, ज्याचं रक्त रुग्णांच्या रक्ताशेजारी ठेवून बघता येईल. तो नामा.

"भरती किती चढली ते आपण कशावरून बघतो, दादूस?" मोरूने त्याला समजावलं होतं. "जाळं बांधायच्या खुंटावरून. पाणी हलतं, खुंट हलत नाही. तसा रक्तातही एक खुंट असतो."

"आन् तो माज्या रगतात हाय?"

"सगळ्यांच्याच रक्तात असतो. पण तुझ्यासारख्या निरोगी माणसाचा नीट बघून घेतला, की आजाऱ्यांचं पाणी मोजता येतं."

नामाला एवढं पुरलं. वाड्यावर परतून त्याने हे चौघांना सांगितलं आणि सांगता सांगता खुंट बराच उंच झाला.

आता मोरूचं पहिलं पाप. नामा पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला तो रिकाम्या हाताने कसा येईल? कागदात गुंडाळलेला सुका जवळा घेऊन आला, 'तुज्या म्याडमला' म्हणून. म्याडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, डॉक्टर प्रमोदिनीबाई, पुण्याच्या, अंड्यालाही न शिवणाऱ्या. तीन खोल्यांत वास भरला. बाई सभ्य होत्या, "अरे वा," म्हणाल्या आणि खिडकी उघडून आपल्या खोलीत गेल्या. मोरूच्या हाताखाली कांता नावाची विद्यार्थिनी होती. तिने सरळ विचारलं, "सर, हे कोण?"

"आमच्या गावाकडचे आहेत," मोरू म्हणाला. "मदत करतात आपल्याला."

गावाकडचे! सख्खा भाऊ, बाही वर करून समोरच्या स्टुलावर बसलेला. मोरूला वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याइतकं नाही. नामाने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. सुई निघाली, कापूस दाबला, चहा प्याला आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "येतो सायेब." तेव्हापासून त्या इमारतीत तो मोरूला सायेबच म्हणायचा, अहोजाहो करायचा. त्या दिवशी मोरूला घास गेला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो व्यवस्थित जेवला.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. निरोगी म्हणून जो रक्त देतो, त्याने वर्षातून एकदा वरच्या मजल्यावर, इस्पितळाच्या रक्त तपासणीच्या खिडकीवर जाऊन साधी मोजणी करून घ्यायची. लाल पेशी किती, पांढऱ्या किती, बस्स. कांताने आपली करून घेतली होती, ती स्वतःचंही रक्त द्यायची. पण त्या खिडकीवर अख्खं नाव विचारतात आणि मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं पुकारतात. नामदेव तांडेल. कांता काही बहिरी नव्हती. एका प्रयोगशाळेत दोन तांडेल, ते एकमेकांचे कोण, हा प्रश्न आलाच असता. म्हणून मोरू म्हणायचा, "पुढच्या वेळी करू. होडी वल्हवतो तो माणूस, त्याला काय धाड भरलीय?"

पुढच्या वेळी करू करू म्हणता दोन वर्षं गेली.

घरी मात्र उलटाच प्रकार. तिथे मोरू भाऊ होता, भावोजी होता आणि डॉक्टर होता. नारळी पौर्णिमेला तो घरी जेवायला गेला, तेव्हा मंजुळाने करंज्यांचं ताट पुढे ठेवून हळूच विषय काढला होता.

"भावोजी, यांना जरा दाखवा ना कुनाला. होडीवरून आले की पडून रेतात. जेवन जात नाय. दोन घास खाल्ले की पोट भरलं बोलतात."

"वय झालं त्याचं, वहिनी," मोरू हसून म्हणाला. "आणि पोट बघ की कसं सुटलंय. तुझ्या हातचं खाऊन खाऊन."

नामाचं पोट सुटलं होतं हे खरं. टेरिकॉटच्या पँटचं बटण लागेना, तिथे त्याने जाळ्याची दोरी बांधली होती. पण दंड वाळले होते, गालफडं वर आली होती. पोट सुटलेल्या माणसाचे दंड वाळत नाहीत, हे कळायला पीएचडी लागत नाही. कदाचित पीएचडीमुळेच कळलं नसेल.

"नाक्यावरच्या डाक्टरनी रगत तपासा सांगितलं होतं," मंजुळा म्हणाली.

यावर नामाच मोठ्याने हसला. "मी त्याला बोल्लो, माजा भाव दर महिन्याला माजं रगत तपासतो ठान्याला! मशीन हाय त्याच्याकं. तुमच्याकं हाय काय? गप बसला."

मोरूच्या तोंडात करंजी होती. ती संपवून तो सहज म्हणू शकला असता, की दादूस, मी तुझं रक्त तपासत नाही, मी वापरतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण मंजुळाच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता आणि तो आपल्यावर आहे याचं त्याला एवढं बरं वाटलं, की तो म्हणाला, "आहे ना माझं लक्ष, वहिनी." आणि दुसरी करंजी घेतली.

त्याच सुमाराला मोरूला शोध लागला.

नामाचं रक्त नळीत घालून जोरात फिरवलं, की पांढऱ्या पेशींचं एक कडं वर तरंगून यायचं. तेवढं अलगद काढून घ्यायचं आणि त्यातून आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, वेगळा करायचा, असं ते काम. कांताचं कडं पातळ, दिसेल न दिसेल असं. नामाचंही आधी तसंच होतं. पण वर्षभरात ते जाड होत गेलं, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं. आरएनए भरपूर मिळायला लागला. मोरूला वाटलं, आपला हात बसला. ते त्याने बोलूनही दाखवलं. कांताला शेजारी उभं करून तो नळी कशी धरायची, थेंब कसा सोडायचा हे शिकवायचा आणि तरी तिचं कडं पातळच आलं की चिडायचा.

"हाताला वळण नाही तुझ्या," तो म्हणायचा. "लक्ष कुठे असतं?"

कांता बिचारी पुन्हा पुन्हा स्वतःचं रक्त काढून सराव करायची.

मग फिल्म. क्ष-किरणांची फिल्म धुऊन काढली, की त्यावर जनुकाची काळी पट्टी उमटायची. जनुक जितकं जोरात, तितकी पट्टी गडद. सगळ्यांचा आरएनए सारखाच मोजून घातलेला असायचा. तरीही नामाची अ‍ॅक्टिनची पट्टी महिन्यामागून महिना गडद होत चालली होती. मोरूने त्या सगळ्या फिल्म खिडकीच्या काचेवर ओळीने चिकटवल्या आणि प्रमोदिनीबाईंना बोलावलं.

"मॅडम, खुंटच हलतोय," तो म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चढला होता. "सगळं जग अ‍ॅक्टिन स्थिर धरून चाललंय. आणि इथे निरोगी माणसाच्या रक्तात ते वर्षभरात दुप्पट झालंय. म्हणजे अ‍ॅक्टिनशी ताडून केलेली सगळी मापं संशयास्पद. त्यापेक्षा रायबोसोमचं जनुक धरावं, ते बघा, जागचं हललेलं नाही."

"कांताच्या रक्तात?" बाईंनी विचारलं.

"तिच्यात हललेलं दिसत नाही. पण तिचे नमुने कमजोर येतात."

कांता मागेच उभी होती.

मोरूने लेख लिहिला. रक्तपेशींतली जनुकं मोजताना कुठलं जनुक आधाराला घ्यावं, असा विषय. हैदराबादच्या परिषदेला तो वाचायचं ठरलं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये लोक मोरूला थांबवून अभिनंदन करायला लागले आणि तो मान खाली घालून, पण ऐकू येईल असं, "नशीब हो," म्हणायला लागला. प्रमोदिनीबाईंनी लेख दोनदा वाचला आणि त्याला बोलावून घेतलं.

"सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा. हा तुमचा निरोगी माणूस निरोगी आहे कशावरून?"

मोरूला ते झोंबलं. "मॅडम, खाडीवर होडी चालवणारा माणूस आहे. आयुष्यात कधी झोपून राहिलेला नाही." हे बोलताना मंजुळाचं 'पडून रेतात' त्याला आठवलं की नाही, देव जाणे.

"असेल. पण परिषदेत विचारतील. त्यांच्या पेशींची एक स्लाइड रंगवून फोटो जोडा लेखाला. एका सकाळचं काम आहे."

नामाचा गुरुवार झालाच होता, पेशी हाताशी होत्या. मोरूने काचेवर थेंब पसरला, रंगवला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातला. निरोगी माणसाच्या त्या कड्यात लहान, गोल, एकसारख्या पेशी दिसायला हव्यात. इथे सगळ्या वयाच्या पेशी होत्या. कोवळ्या, अर्ध्या वाढलेल्या, मोठमोठ्या केंद्रकांच्या, रक्तात यायलाच नको अशा. मोरूने असल्या स्लाइड शेकड्याने पाहिल्या होत्या. शेजारच्या खोक्यात त्याच भरलेल्या होत्या, रुग्णांच्या.

म्हणून त्याला जे पहिलं सुचलं ते सोपं होतं. कांताने नळ्या बदलल्या.

"रुग्णाची नळी तू नॉर्मलच्या जागी ठेवलीस," तो बाहेर येऊन म्हणाला. खोलीत इतर दोघे-तिघे होते. "काय चाललंय काय तुझं? हात तर नाहीच धड, आता डोळेही गेले?"

"सर, मी त्या नळीला हात पण नाही लावलेला," कांता म्हणाली. "तुम्हीच फिरवलेली ती. तुम्ही मला लावू देत नाही."

"उलट बोलू नकोस."

तिचे डोळे भरले. ती हात धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही. मोरूने नामाला निरोप धाडला, या गुरुवारी पुन्हा ये.

नामा आला. पँटला दोरी, केस तेल लावून चापून बसवलेले. "परत बोलावलंत सायेब? कमी पडलं काय?" तो हसत म्हणाला आणि हात पुढे केला. मोरूने स्वतः सुई घातली, स्वतः नळीवर 'नॉर्मल' लिहिलं. आणि नळी फिरवायलाही न थांबता एक थेंब तसाच काचेवर ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

त्याच पेशी होत्या.

तो बराच वेळ डोळा लावून बसला, कारण डोळा काढला की उठावं लागणार होतं. एकेक गोष्ट त्याच्या अंगावर येत होती. कडं जाड झालं ते हात बसला म्हणून नव्हे. अ‍ॅक्टिन हललं ते निरोगी माणसात नव्हे. कांताचं कडं पातळ होतं, कारण निरोगी माणसाचं तसंच असतं. त्याने ज्याला शोध म्हणून काचेवर चिकटवलं होतं, तो त्याच्या दादूसचा आजार होता, महिन्यामागून महिना वाढत गेलेला, आणि प्रत्येक पट्टी गडद झाली तसा तो खूश झाला होता. त्याला स्वतःची किळस आली.

बाहेर नामा स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होता. ते बिस्किट कांताने दिलं होतं.

"दादूस," मोरू म्हणाला.

नामाचा हात थांबला. या इमारतीत हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. त्याने आधी कांताकडे बघितलं, तिने ऐकलं की काय म्हणून. त्याला मोरूचीच काळजी.

"शर्ट वर कर."

मोरूने डाव्या बरगडीखाली हात ठेवला. बोटांना कडक लागलं, पार बेंबीपर्यंत. प्लीहा, या आजारात वाढते ती. डॉक्टर नसलेल्यालाही कळेल एवढी.

"कधीपासून आहे हे?"

"वरीस झालं असल. जेवलो की भरून येतं." नामा ओशाळून हसला. "तू बोल्लास ना, वयनीच्या हाताचं हाय म्हनून."

मोरू प्रमोदिनीबाईंच्या खोलीत गेला. उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, लेख पाठवता येणार नाही. तो माणूस निरोगी नाही. स्लाइडवर रक्ताचा कर्करोग आहे."

बाईंनी चष्मा काढला. "वरची मोजणी कधी झाली होती त्यांची?"

"झालीच नाही."

"दोन वर्षांत? का?"

मोरूने दाराबाहेर, स्टुलाकडे पाहिलं. बाई उठून बाहेर आल्या, नामाकडे पाहिलं, मग मोरूकडे. त्या दोघांचं नाक एक, कपाळ एक. इतके दिवस कुणी दोघांकडे एका वेळी पाहिलंच नव्हतं.

"हे कोण तुमचे, मोरेश्वर?"

"सख्खा मोठा भाऊ."

कांताने हातातली नळी खाली ठेवली. बाई रागावल्या असत्या तर मोरूला फार बरं वाटलं असतं. "लेखाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी यांना वर घेऊन जा."

वरच्या खिडकीवर मोरूने अख्खं नाव सांगितलं आणि थोड्या वेळाने ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं पुकारलं गेलं. नामदेव तांडेल. कुणीही वळून पाहिलं नाही. एवढंसंच होतं ते. पांढऱ्या पेशी हजारांत असायला हव्यात, त्या लाखांत निघाल्या.

घरी मोरूने सांगितलं, की रक्तात दोष निघालाय, मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवायला लागेल. कसला दोष, कधीपासूनचा, ते सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. पण मंजुळाने त्याचे हात धरले.

"तुमी दर महिन्याला बगत होता म्हनून सापडलं, भावोजी," ती रडत म्हणाली. "नायतर आमाला काय कळलं असतं? एकवीरेला तुमच्या नावानं नारल बोल्ले मी."

मोरूने तोंड मिटलं. देवीपुढे आपल्या नावाचा नारळ फुटणार, या विचाराने त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जमीन असल्या वेळी कधी दुभंगत नाही. कोळीवाड्यातून निघताना ओट्यावरच्या लोकांनी त्याला रामराम केला आणि तो त्याला घ्यावा लागला.

मुंबईच्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या, हाडातली मज्जा काढून झाली. निकालाच्या दिवशी तिघं डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर मोरूच्याच वयाचे होते. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचले.

"हा आजार सावकाश चालतो," ते म्हणाले. "पहिली दोन-चार वर्षं माणसाला फारसं काही वाटतही नाही. त्या पायरीवर सापडला तर मार्ग असतो. सख्ख्या भावाची मज्जा जुळली, तर ती घालून बरेच जण बरे होतात. तुम्ही सख्खे भाऊ ना?"

"हो," मोरू म्हणाला.

"आता मात्र पहिली पायरी ओलांडलीय. औषधं सुरू करू, त्याने आराम पडेल. पण मज्जा घालून फायदा होण्याची आशा आता फार थोडी. खोटा धीर मी देणार नाही." त्यांनी पेन उचललं. "याआधी रक्त कधी तपासलं होतं?"

"दर महिन्याला," मंजुळा पटकन म्हणाली. डॉक्टरांचं बोलणं अजून तिच्यात नीट उतरलं नव्हतं, पण या प्रश्नाचं उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं. "हे आमचे भावोजी. डॉक्टर हायेत ठान्याला. दर महिन्याला तेच तपासतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दर महिन्याला? किती दिवस?"

"दोन वरसं."

"मग रिपोर्ट दाखवा. पेशी वाढायला कधी लागल्या ते कळेल." ते मोरूकडे बघत होते. "तुम्ही केलेत ना? तुमच्या लक्षात आलं नाही?"

मोरूची मान वर होईना. टेबलावर एक काचेचा पेपरवेट होता, त्याच्यात लाल फूल होतं, तो त्या फुलाकडे बघत राहिला.

आणि नामा बोलला. "रिपोट माज्याकं हुते," तो म्हणाला. "यानं दिलते, सांगितलंही होतं, डाक्टरला दाकव म्हनून. मीच नाय दाकवले. होडीत ठेवले हुते, भिजले. चूक माजी हाय सायेब, याची नाय."

इतकं सफाईदार खोटं नामा आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. भावाची लाज राखायला त्याने स्वतःच्या मरणाचं खापर स्वतःच्याच निष्काळजीपणावर फोडलं. आणि हे करताना तो मोरूच्या गुडघ्यावर थोपटत होता, सहावीत नापास झाल्यावर थोपटलं होतं तसं.

मंजुळा नवऱ्याकडे बघत होती. त्या घरात कागदाचा कपटाही तिच्या नजरेतून सुटत नव्हता, हे तिला माहीत होतं आणि त्या दोघांनाही. "कवा दिलते रिपोट?" तिने विचारलं. "मी तं कदी बगितले नाय."

नामाने मोरूचा गुडघा घट्ट दाबला, बोलू नको म्हणून. मोरू गप्प बसला असता तर ते खोटं टिकलं असतं. नामा ते मरेपर्यंत टिकवणार होता.

"रिपोर्ट नव्हतेच," मोरू म्हणाला. "दादूस खोटं बोलतोय. मी त्याचं रक्त कधी तपासलंच नाही, वहिनी. दर महिन्याला घेतलं, आणि माझ्या कामाला वापरलं. एकदा वर नेऊन मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी नेलं नाही. हा माझा भाऊ आहे, हे तिथे कुणाला कळायला नको होतं मला."

शेवटचं वाक्य त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण एकदा सुटल्यावर त्याला थांबता आलं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

मंजुळा रडली नाही. ओरडलीही नाही, आणि बाजारात तिचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जायचा. सकाळी पुन्हा रक्त घेतलं होतं, त्या जागेवरचा कापूस तिने तपासला, नामाची बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं. मग पदर खोचून उभी राहिली आणि नवऱ्याच्या काखेत हात घातला. खोली लहान होती. मोरूची खुर्ची वाटेत होती.

"सायेब," मंजुळा त्याला म्हणाली, "जरा सरका. यांना उठायचं हाय."

मोरूने खुर्ची भिंतीला लावली आणि उभा राहिला. ती दोघं त्याच्यासमोरून बाहेर गेली.